पडद्याची जबानी

पोथीचे पान आडवे असते. ताडपत्र जात्याच लांब आणि अरुंद, त्यावर ओळ लिहायची ती लांबीच्या दिशेनेच लिहावी लागते. आणि पुढे कागद सुलभ होऊन पान हवे तसे कापण्याची मोकळीक मिळाल्यावरही आपल्या लेखकांनी ती आडवी बैठक मोडली नाही, इतकी ती वाचणाराच्या मांडीला, चौरंगाला आणि डोळ्याला सवयीची झालेली होती. छापखान्याने आणलेले उभे पुस्तक यथाकाल आपल्या अंगवळणी पडले, आणि संगणकाचा पडदाही आरंभी चौकोनाकडेच झुकणारा होता, रुंदी चार तर उंची तीन. सबब एखाद्या पोथीचे छायाचित्र त्यावर उघडले की एक तर पान पुरते दिसे पण अक्षर मुंगीएवढे होई, नाही तर अक्षर वाचता येई पण ओळीची टोके पडद्याबाहेर जात. आता रुंद पडदे आले आहेत, त्यांत एकवीसास नऊ या प्रमाणाचेही आहेत. ते खेळांसाठी आणि चित्रपटांसाठी निघाले हे मला ठाऊक आहे. तरी असा पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोथीला तिची बैठक परत मिळाली असेच मला वाटले.

मला तो हवा होता एका कामासाठी. एका स्नेह्यांच्या घरी तांबड्या रुमालात बांधलेली, गीतेवरील टीकेची हस्तलिखित पोथी निघाली. मूळ पाने उंबरठ्याबाहेर जाऊ नयेत हा त्या घरचा जुना शिरस्ता, तेव्हा पानांची छायाचित्रे पाठ लावण्यासाठी माझ्याकडे आली. त्यांतील एका पानावर, सातव्या ओळीच्या मध्यावर, बोटाच्या पेराएवढा पिवळा पट्टा होता. जुने लेखक चुकून लिहिलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत, आणि 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्याच चालीतून भाषेत आला आहे. तो पट्टा हरताळाचा असेल तर तेथील अक्षरे लेखकाने स्वहस्ते रद्द केलेली, आणि ती पाठातून वगळणे हे माझे कर्तव्य; तो ओलीचा डाग असेल तर तीच अक्षरे ग्रंथकाराची, आणि ती शोधून परत जागी बसवणे हे माझे कर्तव्य. माझ्या जुन्या पडद्यावर दोन्ही शक्यता सारख्याच दिसत. चांगला पडदा कोणता, हा एरवी बाजारातला प्रश्न. माझ्यापुरता तो प्रामाण्याचा प्रश्न होऊन बसला, म्हणजे जे मला दिसते आहे त्यावर मी कोणत्या अधिकाराने विश्वास ठेवावा, असा.

रुंदीचा निकाल लवकर लागला. सोळास नऊ हे आज सर्वत्र रूढ झालेले प्रमाण कोणा चित्रकाराने सौंदर्यदृष्टीने ठरवलेले नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स यांनी चित्रपटांत प्रचलित असलेल्या निरनिराळ्या चौकटी समान क्षेत्रफळाच्या करून एकमेकींवर ठेवल्या, आणि त्या सर्वांना सामावून घेणारी जी मध्यम चौकट निघाली तीच पुढे मुकरर झाली. ती तडजोड आहे, आणि तडजोडीचे गुण तिच्यात आहेत. पडदा मात्र कर्णाच्या लांबीवर विकला जातो, हे ग्राहकाने नीट ध्यानात घ्यावे. कारण चोवीस इंच कर्णाच्या चारास तीन पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २७६ वर्ग इंच भरते, सोळास नऊचे २४६ आणि एकवीसास नऊचे अवघे २०९. कर्ण तोच, आकृती जसजशी रुंद होते तसतशी जागा आक्रसते. म्हणून मी चौतीस इंच कर्णाचा, आडव्या ३४४० आणि उभ्या १४४० बिंदूंचा पडदा डोळ्यांपुढे ठेवला. त्याचा एक बिंदू मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडा लहान असतो, आणि निरोगी दृष्टीला कोनाच्या एका कलेएवढा भेद कळतो असे धरले तर सुमारे ऐंशी सेंटिमीटरांवरून, म्हणजे पावणेदोन हातांवरून, ते बिंदू वेगळे दिसेनासे होऊन अक्षराची कड अखंड होते. डावीकडे पोथीचे पान, उजवीकडे माझी नक्कल, आणि मध्ये मान वळवण्याचे श्रम नाहीत. एवढे गणिताने कळले.

चित्र कसे आहे हे गणिताने कळेना, म्हणून दुकानात गेलो. भिंतीवर दहाबारा पडदे ओळीने लावलेले, सगळ्यांवर एकच चित्रफीत चाललेली, आणि तिच्यात कोठल्याशा परदेशी वनातले एक शेंदरी फूल पाकळी पाकळीने उमलत होते. त्या ओळीपुढून जाताना डोळा आपोआप सर्वांत उजळ पडद्यापाशी थांबतो, आणि बुद्धीला न विचारताच त्याला श्रेष्ठत्वाचा दाखला देऊन मोकळा होतो. दुकानातला मुलगा चुणचुणीत आणि मनाने साफ होता. "काका, हाच घ्या. रंग बघा ना, कसे जिवंत वाटतात!" मी त्याला विचारले, "बाळ, हे फूल तू प्रत्यक्ष पाहिलं आहेस का रे कधी?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही हो काका. हे कोण बघायला जाणार?"

ते त्याने पाहिलेले नव्हते, मी पाहिलेले नव्हते, त्या दुकानात आलेल्या एकानेही पाहिलेले नव्हते. आणि तरी आम्ही सर्व जण कोणता पडदा ते फूल अधिक चांगले दाखवतो याचा फैसला करीत होतो! त्या मुलाच्या सरळ उत्तराने माझी एक जुनी समजूत ढळली. पडद्यावर चित्र दिसते ते डोळ्यांनी दिसते, म्हणून ते प्रत्यक्षाच्या कोटीत पडते असे मी आजवर धरून चाललो होतो. परंतु प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि अर्थ यांचा संनिकर्ष. आणि येथे माझ्या नेत्राचा संनिकर्ष होता तो काचेशी, तिच्यामागच्या दिव्याशी, फुलाशी मुळीच नव्हता. फुलाविषयी मला जे कळत होते ते कोणी तरी सांगितले म्हणून कळत होते. पडद्यावरची प्रतिमा ही पाहण्याच्या रूपाने येणारी साक्ष आहे. ती शब्दप्रमाणाच्या कुळातली आहे, आणि तिची परीक्षा करावयाची ती साक्षीदाराची करतात तशीच केली पाहिजे.

साक्षीदार कसा असावा याविषयी आपल्या नैयायिकांनी जे सांगून ठेवले आहे त्याहून अधिक नेमके मी कोठे वाचलेले नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायन आप्त कोणाला म्हणावे ते सांगतो: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जी जशी पाहिली तशीच दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो निःसंकोचपणे म्हणतो. म्हणजे आप्तत्व कुळाने येत नाही, भाषेच्या सौष्ठवाने तर नाहीच नाही. जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा, हे त्यातले मर्म आहे. दुकानातल्या भडक पडद्याला ही इच्छा नसते. ऐकणाराने खूष व्हावे एवढ्याच हेतूने तो बोलतो, आणि त्याची मांडणीच तशी करून ठेवलेली असते, प्रकाश कमाल, रंग गडद, आणि पांढऱ्यात निळ्याची झाक, कारण निळसर पांढरे डोळ्याला अधिक स्वच्छ भासते. असा भाट दरबारात शोभेल. वहिवाटीच्या दाव्यात त्याच्या जबानीवर निकाल देणारा न्यायाधीश मात्र अनर्थ करील.

तेव्हा उलटतपासणी. दुसऱ्या खेपेस मी आमच्या घरच्या एका जीर्ण पोथीचे सुटे पान आणि त्याचे छायाचित्र अशी जोडी बरोबर नेली, म्हणजे अस्सल हाताशी ठेवून नक्कल तपासता यावी. त्या मुलाने मोठ्या आस्थेने दुकानातले झगमगते दिवे मालवून दिले, आणि एकेका पडद्याची मांडणी कारखान्यातून आली तशी पूर्ववत केली. प्रथम मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायरी पायरीने चढत जाणारी राखी पट्टी पाहिली. कारण रंगाची बढाई कोणीही मारतो, पण राखी रंगाच्या दोन शेजारच्या पायऱ्या वेगळ्या राखणे आणि त्यांत हिरवी किंवा गुलाबी छटा शिरू न देणे हे इमानी पडद्यालाच साधते. सामान्य पडदा प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या दाखवतो आणि त्यांच्या मिश्रणाने १,६७,७७,२१६ वर्ण मोजून देतो. आकडा छाती दडपणारा आहे, परंतु शाईची फिकी रेघ आणि कागदाची सुरकुती यांतील भेद या कोट्यवधींपैकी पाचदहा शेजाऱ्यांतच राहत असतो. मग पानभर पांढरा रंग लावून कोपरे मधल्यापेक्षा मलूल होतात काय ते पाहिले, पानभर काळा लावून कडेने प्रकाश पाझरतो काय ते पाहिले, आणि खुर्ची सरकवून बाजूने पाहिले. रुंद पडद्यात ही शेवटची परीक्षा फार महत्त्वाची, कारण मध्यावर बसलेल्या माणसालाही त्याची दोन्ही टोके तिरपीच दिसतात, आणि कोन बदलताच ज्याचा रंग बदलतो त्याने एकाच ओळीविषयी आरंभी एक आणि अखेरीस दुसरेच सांगितल्यासारखे होते.

या पडद्यांच्या पोटात द्रवस्फटिक असतात. १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला, एकदा गढूळ होऊन आणि पुन्हा निवळ होऊन, आणि या विद्येला आरंभ झाला. पुढे १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून त्यात मोलाची भर घातली. घनही नव्हे आणि द्रवही नव्हे अशी ही अवस्था ऐकून वेदान्त्याच्या तोंडी 'अनिर्वचनीय' हा शब्द सहज येईल. पण तो मोह आवरावा, कारण तिचे निर्वचन पदार्थविज्ञानाने उत्तम केले आहे. आपल्या कामापुरते इतकेच की हे स्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, मागच्या दिव्याला वाट देतात किंवा अडवतात, आणि ही अडवणूक कधी पूर्ण होत नाही. स्फटिक आडवे फिरवणाऱ्या पद्धतीच्या पडद्यात पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या सुमारे हजारपट असतो, उभे धरणाऱ्या पद्धतीत तीन हजारपट. काळोखात चित्रपट पाहणाराने दुसरी पद्धत घ्यावी. जुन्या कागदावर शाईचा काळा आणि कागदाचा पांढरा यांत हजारपटीचे अंतर कधीच नसते. मी पहिली घेतली, कारण बाजूने पाहिल्यास तीच अधिक सत्यवादी ठरली.

घरी आल्यावर खरी अडचण उभी राहिली. माझ्या पानावरचे हिंगुळाचे तांबडे दंड नव्या पडद्यावर जरा अधिकच पेटल्यासारखे दिसत. छायाचित्राचे रंग ज्या संकेतानुसार नोंदलेले असतात त्याहून पडद्याची रंगांची झेप मोठी होती. हा संकेत १९९६ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी मांडला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला, आणि त्यात लिहिलेला मजकूर अधिक ऐपतीच्या पडद्याने आपल्या ऐपतीने वाचला की शब्द तोच राहून अर्थ फुगतो. छपाईच्या धंद्यातील एका स्नेह्याने आपला रंगमापक आणून काचेवर टेकवला, पडद्याची तजवीज लावून दिली, आणि विचलनाचा अंक दोनच्या खाली आणला. एकाच्या आसपासचा भेद शिकलेल्या डोळ्यालाही मोठ्या प्रयासाने कळतो म्हणतात. अंक पाहून माझे समाधान व्हावयास हवे होते. झाले नाही, कारण लगेच मनात आले की पडद्याची तसदीक मापकाने केली, तर मापकाची कोणी केली?

हा प्रश्न न्यायसूत्रांना अपरिचित नाही. प्रमाणांनी प्रमेय सिद्ध होते, मग प्रमाणे कशाने सिद्ध होतात, आणि त्यांना दुसरी प्रमाणे हवीत तर अनवस्था कोठे थांबते, या आक्षेपाला तेथे ताजव्याचा दृष्टान्त दिलेला आहे: ताजवा सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण, आणि ताजव्याविषयीच शंका आली की तोललेल्या सोन्याने त्यालाच पारखतात, तेव्हा तोच प्रमेय. उत्तर व्यवहाराला पुरेसे आहे. परंतु रंगाच्या बाबतीत साखळीच्या शेवटी सोने नसते, माणूस असतो. जगातले सर्व रंगमापक ज्या कोष्टकाला अखेर रुजू होतात ते १९३१ साली केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले, आणि ते इंग्लंडात राइट आणि गिल्ड या दोघांनी केलेल्या प्रयोगांवर आधारलेले आहे. राइट यांनी दहा माणसे बसवली, गिल्ड यांनी सात. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते जवळपास तेवढ्या रुंदीच्या एका प्रकाशबिंबात तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून शेजारच्या रंगाशी जुळतो केव्हा, एवढेच त्यांनी सांगायचे होते. या सतरा जणांच्या सरासरीतून जो एक द्रष्टा घडला त्याचे नाव प्रमाण-निरीक्षक. तो कधी जन्मला नाही आणि त्याला म्हातारपण नाही. माझ्या टेबलावरचा पडदा पिवळा म्हणून जे दाखवतो ते त्याच्या वतीने दाखवतो. कारण पडद्यात पिवळा प्रकाश निर्माण करणारा बिंदू नसतोच, तेथे तांबडा आणि हिरवा एवढेच शेजारी उजळतात, आणि हरताळाचा पिवळा व पडद्याचा पिवळा हे एकच होत असे त्या न जन्मलेल्या निरीक्षकाचे मत आहे.

माझ्या शरीरात मात्र दोन निरीक्षक राहतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याची पाळी अजून यायची आहे. वयाबरोबर नेत्रातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते, हे मी वाचले होते. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली त्या सकाळी ते मला कळले. खिडकीबाहेरच्या चुन्याच्या भिंतीकडे उजव्या डोळ्याने पाहावे तर ती चांदण्यासारखी, डाव्याने पाहावे तर तुपासारखी, आणि दोन्ही उघडावेत तर काही क्षणांत निव्वळ पांढरी. दोन साक्षीदार एकाच घरात राहणारे, एकाच वस्तूविषयी एकाच वेळी दोन कैफियती देणारे, आणि वर दोहोंची समजूत घालून तिसरीच गोष्ट नोंदवणारा कोणी आत बसलेला! यांतली खरी भिंत कोणती असे डॉक्टरांना विचारण्याचे मला धैर्य झाले नाही; प्रश्न त्यांच्या शास्त्रातला नव्हता.

मीमांसक कुमारिलभट्टाचे म्हणणे असे की ज्ञान उपजते तेच प्रामाण्य घेऊन उपजते. त्याला बाहेरून दाखला लागत नाही; दोष दिसला, बाध आला, तरच ते अप्रमाण ठरते, एरवी नाही. नैयायिक म्हणतो की प्रामाण्य बाहेरून येते, ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ते शाबीत होते. पाणी दिसले, गेलो, तहान भागली. तारुण्यात मी या वादात नैयायिकाच्या बाजूला होतो, कारण त्याची बाजू अधिक सावध वाटे. त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर माझे मत पालटले, पण अर्धेच. माझे दोन्ही डोळे मला जे दाखवीत होते ते दोन्ही ज्ञान होते. उजव्यावर विश्वास ठेवूनच मी डाव्यावर शंका घेऊ शकलो, आणि शंका घेणारी बुद्धीही आपल्यावर आधी विश्वास ठेवूनच कामाला लागली. कोठे तरी बिनदाखल्याचा विश्वास आधी असतो, म्हणूनच दाखले मागता येतात. एवढ्यापुरता भट्ट खरा. परंतु प्रतिमा ज्ञान नव्हे, ती दुसऱ्याचे सांगणे आहे. तिचे प्रामाण्य तिच्याबरोबर उपजत नाही, आणि तिच्याविषयी नैयायिकाचाच कायदा चालला पाहिजे. ज्याला आपण आज 'पाहिले' म्हणतो त्यातले फार मोठे प्रमाण पडद्यावर पाहिलेले असते, आणि कुमारिलाने डोळ्याला दिलेली सनद आपण न कळत पडद्याच्या नावे करून देतो, ही मला आपल्या काळातली गंभीर चूक वाटते. मूर्तीपुढे हात जोडणारा भाविक ही चूक करीत नाही. प्राणप्रतिष्ठेचा विधी करावा लागतो हे त्याला ठाऊक असते, म्हणजे पाषाण आपल्या बळावर देव होत नाही हे तो जाणतो.

विद्यारण्यांच्या पंचदशीत चित्रदीप नावाचे प्रकरण आहे. तेथे पटाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, धुतलेला, खळ दिलेला, रेखाटलेला आणि रंगवलेला, आणि त्यांवरून चैतन्याच्या चार अवस्थांचे वर्णन आहे. चितारलेल्या माणसांच्या अंगावर जी वस्त्रे चितारलेली असतात ती खालच्या खऱ्या वस्त्रासारखी भासतात, हाही मार्मिक तपशील त्यात येतो. मी नव्या पडद्यापुढे बसलो म्हणजे मला तो आठवतो, कारण पोथीच्या कागदाचा पांढरा रंग दाखवण्यासाठी पडद्याजवळ स्वतःच्या पांढऱ्यावाचून दुसरे द्रव्यच नाही. कागदाचा पांढरा तो आपल्या पांढऱ्यातून वजा करीत करीत सांगतो. आचार्यांच्या दृष्टान्तात पट हाच सत्य आणि चित्र आभास. माझ्या कामात मला पटाशी कर्तव्य नव्हते, आणि चित्राशीही नव्हते. ज्याचे ते चित्र, त्या पानाशी होते. अद्वैताच्या दृष्टीने ही पायरी खालची असेल. पाठ लावणाराला तीवरूनच चालावे लागते.

तजवीज लावलेल्या पडद्यावर मी सातवी ओळ पुन्हा उघडली, आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा झाकून पाहिली. रंगाविषयी दोघांचे एकमत होईना; कडेविषयी झाले. पट्ट्याची वरची कड सरळ होती, खालची किंचित विरलेली, आणि डावीकडे एक बारीक शेपूट निघाले होते, कुंचला उचलताना निघते तसे. ओल अशी थांबत नाही. तरी मी निर्णय लिहिला नाही. स्नेह्यांना फोन करून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सूनबाईंनी रुमाल सोडून पान माझ्या हाती दिले आणि खिडकीचा पडदा सारला. पान उन्हात तिरपे धरताच पट्ट्यातले कण चमकले. हरताळाला अशी झळाळी असते, आणि ती कोणत्याही पडद्याला सांगता येत नाही, कारण पान हलवल्यावाचून ती दिसत नाही. तिरप्या उजेडात लेपाखालची शाईही वर आली. सहाव्या ओळीतली तीन अक्षरे लेखकाच्या हातून दुसऱ्यांदा उतरली होती.